दोन रोगांमधील सीमा : क्रेपेलिन, ब्लॉयलर आणि रुग्णाची भाषा

मनोविकारांच्या वर्गीकरणाचा इतिहास हा वैद्यकाच्या इतिहासाचा एक पोटविभाग समजला जातो, आणि भाषेच्या अभ्यासकाला तेथे फारसे काम नाही अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखकाला ही समजूत बरोबर वाटत नाही. शरीराच्या रोगात वैद्य नाडी पाहतो, रक्त तपासतो, क्षकिरणांचे छायाचित्र घेतो. मनाच्या रोगात मात्र त्याच्यापुढे मुख्यतः रुग्णाचे बोलणे आणि रुग्णाविषयीचे बोलणे एवढीच सामग्री असते. ज्या दोन रोगांची लक्षणे एकमेकांत मिसळलेली आहेत त्यांना निराळे काढावयाचे झाल्यास त्या बोलण्याला किती वजन द्यावयाचे, हा प्रश्न अटळ होतो. ह्या प्रश्नाला निरनिराळ्या काळी जी उत्तरे दिली गेली त्यांचा, छिन्नमनस्कता आणि उन्माद-अवसाद विकृती ह्या दोन रोगांपुरता, येथे विचार करावयाचा आहे. दुसऱ्या रोगास आज द्विध्रुवी विकृती असे नाव आहे. परंतु ह्या इतिहासाचा बराचसा भाग जुन्या नावाखाली घडला असल्यामुळे तेच नाव पुढे योजिले आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. ‘उन्माद’ हा शब्द चरकसंहितेत एका विशिष्ट रोगाचे नाव नसून एका व्यापक वर्गाचे नाव आहे. मन, बुद्धि, संज्ञाज्ञान, स्मृति, भक्ति, शील, चेष्टा आणि आचार ह्या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद अशी तेथील व्याख्या असून वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि आगंतु असे त्याचे पाच भेद सांगितले आहेत. वातज उन्मादात अस्थानी हसणे, नाचणे, बडबडणे येते. कफज उन्मादात रुग्ण एका ठिकाणी मुकाट बसून राहतो. हे वर्णन वाचून पहिला म्हणजे आजची उन्मादावस्था आणि दुसरा म्हणजे आजचा अवसाद, असे समीकरण मांडण्याचा मोह आपल्याकडील अनेक लेखकांना झालेला आहे. हा मोह टाळलेला बरा. चरकाच्या वर्गीकरणाचे तत्त्व दोषांचे आहे. ते समजून न घेता केवळ लक्षणांची यादी जुळविली, तर जुळणार नाही अशी यादी शोधूनही सापडावयाची नाही. आजच्या मराठीत ‘उन्माद’ हा शब्द कोणी एका अवस्थेसाठी, कोणी हिस्टेरियासाठी योजतात, आणि ‘वेड’ ह्या शब्दाच्या पोटात तर नाटकाच्या नादापासून बेड्या घालाव्या लागतील अशा स्थितीपर्यंत सर्व काही मावते. १९१२ च्या भारतीय वेडाविषयीच्या कायद्यालाही ह्यापेक्षा अधिक बारकाव्याची गरज वाटली नव्हती. मनुष्य वेडा आहे किंवा नाही एवढेच त्या कायद्याला ठरवावयाचे होते.

युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत परिस्थिती फार निराळी नव्हती. वेड मूलतः एकच असून उद्वेग, प्रक्षोभ, बुद्धिभ्रंश ह्या त्याच्या क्रमाने येणाऱ्या पायऱ्या आहेत, हे मत जर्मनीत बलवान होते; १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीझिंगरच्या ग्रंथाने त्यास प्रतिष्ठा दिली. त्याच सुमारास पॅरिसमध्ये फाल्रे आणि बायार्झे ह्या दोघांनी उन्माद व अवसाद आळीपाळीने येणारा एक स्वतंत्र रोग वर्णिला आणि शोधाचा मान कोणाचा यावर १८५४ साली त्यांचा वादही रंगला. पुढे कालबाउम आणि त्याचा सहकारी हेकर ह्यांनी १८७१ ते १८७४ ह्या काळात हेबेफ्रेनिया आणि कॅटाटोनिया हे दोन प्रकार वेगळे काढले. ह्या सर्वांच्या डोळ्यांपुढे एक आदर्श होता. १८२२ मध्ये बेल ह्या तरुण फ्रेंच वैद्याने वेड्यांपैकी एका विशिष्ट गटात मेंदूच्या आवरणाचा दाह सापडतो आणि त्यांच्या रोगाचा क्रमही सारखाच असतो, असे दाखविले होते. हा वेडाचा अर्धांग होय. त्याच्या मुळाशी उपदंशाचे जंतू आहेत ही गोष्ट १९१३ मध्ये मेंदूतच ते जंतू सापडल्यावर निर्विवाद झाली. एक क्रम, एक विकृती, एक कारण : एवढे एका रोगाच्या बाबतीत साधले, तर इतरांच्या बाबतीत का साधू नये? मनोविकारशास्त्राने ह्या आशेवर शंभर वर्षे काढली आहेत.

एमिल क्रेपेलिन ह्याचा जन्म १८५६ चा. त्याचा थोरला भाऊ कार्ल हा प्राणिशास्त्रज्ञ होता, आणि वनस्पती व प्राणी ह्यांच्या जाती ठरविण्याची रीत धाकट्याने त्याच्याकडूनच उचलली असे म्हणतात. लाइप्त्सिक येथे व्हुंटच्या प्रयोगशाळेत तो काम करीत होता, त्या काळात त्याच नगरात लेस्कीन, ब्रुगमान प्रभृति नवव्याकरणकार ध्वनिनियमांना अपवाद नसतो हा आपला सिद्धांत मांडीत होते. दोघांचा परस्परांशी संबंध आल्याचे दाखविता येत नाही, व तसे येथे सुचवावयाचेही नाही. परंतु निसर्गाने आखलेल्या रेषा असतात आणि पुरेसा पुरावा जमविला की त्या आपोआप दिसू लागतात, ही श्रद्धा त्या पिढीच्या दोन्ही शास्त्रांत सारखीच होती. तिचे पुढे काय झाले ते यथाक्रम येईलच.

१८८६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, क्रेपेलिन डोर्पाट येथे प्राध्यापक झाला. आज हे गाव टार्टू ह्या नावाने एस्टोनियात आहे. त्या वेळी ते रशियन साम्राज्यात होते, आणि विद्यापीठ जर्मनभाषी होते. रुग्ण मात्र बहुतांशी एस्टोनियन किंवा लाटव्हियन बोलणारे. क्रेपेलिनला ह्या भाषा येत नव्हत्या. पुष्कळ रुग्णांशी त्याला दुभाष्यामार्फतच बोलावे लागे. आता, दुभाष्या हा कितीही प्रामाणिक असला तरी वेड्याच्या बोलण्यातील नेमकी ती गोष्ट तो पोहोचवू शकत नाही जी वैद्याला हवी असते. अर्थहीन वाक्याला तो अर्थ देतो. तुटलेल्या वाक्याची टोके जोडतो. नवा घडविलेला शब्द त्याला ‘चुकीचा’ वाटतो म्हणून गाळतो. प्रस्तुत लेखकाने बोलींच्या क्षेत्रीय अभ्यासात चांगल्या शहाण्या माणसांच्या बाबतीतही हा अनुभव पुष्कळदा घेतला आहे. तेव्हा ज्याला रुग्णाचे शब्द कळत नाहीत अशा वैद्याने कशावर विसंबावयाचे? डोळ्यांना दिसते त्यावर, आणि काळाने उघड होते त्यावर. रोग केव्हा सुरू झाला, कसा वाढला, मध्ये ओसरला का, शेवटी मनुष्य कोणत्या स्थितीत उरला, हे दुभाष्याशिवायही कळू शकते.

क्रेपेलिनचा सिद्धांत त्याच्या भाषिक अडचणीतून निघाला असे म्हणणे धाडसाचे होईल. रोगक्रमाला प्राधान्य द्यावे हा विचार कालबाउमने आधीच मांडला होता आणि क्रेपेलिनला तो ठाऊक होता. परंतु बीज दुसऱ्याचे असले तरी ते कोणत्या जमिनीत रुजले ह्याची नोंद इतिहासकाराने घ्यावयास हवी. १९०३-०४ च्या सुमारास भावाबरोबर जावा बेटावर जाऊन बुइटेनझोर्ख येथील वेड्यांच्या रुग्णालयात त्याने जी पाहणी केली तीही दुभाष्यांच्याच मदतीने. तेथेही आपले दोन्ही रोग आढळतात, मात्र आवाजांचे भास कमी दिसतात आणि अवसादग्रस्तांत पापाची टोचणी फारशी नसते, असा निष्कर्ष त्याने काढला, आणि त्या फरकाचे कारण तेथील लोकांच्या मानसिक विकासाच्या खालच्या पातळीत शोधले. भास आणि पापभावना ह्या दोन्ही गोष्टी रुग्णाने सांगितल्याशिवाय कळत नाहीत, हा विचार त्याला शिवलेला दिसत नाही.

१८९१ मध्ये तो हायडेलबर्गला गेला. तेथे प्रत्येक रुग्णाची एक गणनापत्रिका तयार करावयाची, तीत मुख्य लक्षणे व निदान लिहावयाचे, आणि वर्षानुवर्षे रुग्णाचा माग काढून ती पत्रिका पुरी करावयाची, अशी पद्धत त्याने घातली. ह्या पत्रिका गठ्ठ्यागठ्ठ्यांनी तो सुटीतही बरोबर नेई. त्यांतून १८९९ साली पाठ्यग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत प्रसिद्ध द्विभाजन उतरले : एका बाजूला डिमेन्शिया प्रीकॉक्स, म्हणजे तारुण्यात सुरू होऊन बुद्धीच्या ऱ्हासात संपणारा रोग, दुसऱ्या बाजूला उन्माद-अवसाद विकृती, म्हणजे झटक्यांनी येणारा, आणि झटका ओसरल्यावर मनुष्य बव्हंशी पूर्ववत् होतो असा रोग. पत्रिकांमधून निष्कर्ष आपोआप बाहेर पडला, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. ह्या पत्रिका अद्याप उपलब्ध आहेत. वेबर आणि एंगस्ट्रॉम ह्या अभ्यासकांनी १९९७ मध्ये त्यांची छाननी करून असे दाखविले की पत्रिकेतील रकाने आणि मजकूर ह्यांवर आधीच मनात असलेल्या वर्गांची छाप आहे. आम्हांस ह्याचे आश्चर्य वाटत नाही. शब्दांच्या चिठ्ठ्यांवरून ज्याने कधी कोश रचला आहे त्याला ठाऊक असते की चिठ्ठी लिहितानाच अर्धा निर्णय झालेला असतो.

ह्या दोन रोगांत भेद करणे कठीण का, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. उन्मादाच्या शिखरावर असलेला रुग्ण आपण राजा आहोत, देवाचा दूत आहोत असे म्हणतो. त्याला आवाज ऐकू येतात. लोक आपल्या वाईटावर आहेत अशी त्याची खात्री असते. छिन्नमनस्कतेतही हेच. अवसादाने गोठून गेलेला, न बोलणारा, न जेवणारा रुग्ण आणि कॅटाटोनियाने ताठरलेला रुग्ण शेजारी शेजारी बसविले तर सकृद्दर्शनी फरक सांगता येणार नाही. बोलण्याकडे पाहावे तर दोघेही असंबद्ध बोलतात. येथे क्रेपेलिनच्या शिष्यांनी एक चांगला प्रयत्न केला होता. आशाफेनबुर्गने शब्द ऐकवून लगेच सुचेल तो शब्द विचारण्याचे प्रयोग केले, आणि थकव्यात मनुष्य अर्थाने जवळचा शब्द न देता ध्वनीने जवळचा शब्द देऊ लागतो असे दाखविले. उन्मादातील विचारांची धाव ही ह्याच जातीची मानली गेली : एक शब्द दुसऱ्याला यमकाने, अनुप्रासाने, समोर दिसलेल्या वस्तूने ओढून आणतो, कड्या सैल असतात, परंतु साखळी असते. छिन्नमनस्कतेत कडीच सापडत नाही. ही कसोटी पाठ्यपुस्तकांतून अर्धशतकाहून अधिक काळ शिकविली गेली. १९७९ साली नॅन्सी अँड्रियासन ह्या विदुषीने असंबद्ध बोलण्याचे प्रकार काटेकोर व्याख्या करून मोजले, तेव्हा रुळावरून घसरणारे बोलणे उन्मादाच्या रुग्णांतही भरपूर आढळले. फरक दिसला तो निराळ्याच ठिकाणी : उन्मादात बोलण्याचा लोट आवरत नाही, तर छिन्नमनस्कतेत पुष्कळ बोलूनही हाती काही लागत नाही, किंवा बोलणेच आटते. तत्पूर्वी १९७४ मध्ये एलेन चाइका ह्या भाषाशास्त्रज्ञेने एका रुग्णेच्या बोलण्याचे विश्लेषण करून त्यात भाषिक क्षमतेचाच बिघाड आहे असे प्रतिपादले होते. पुढील वर्षी व्हिक्टोरिया फ्रॉमकिनने असे सर्व बिघाड धडधाकट माणसांच्या बोलण्यातील चुकांतही आढळतात, असे उत्तर दिले. ह्या वादात आमचा कल फ्रॉमकिनकडे आहे. एका रुग्णेवरून रोगाचे व्याकरण लिहिता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. ऑयगेन ब्लॉयलर हा क्रेपेलिनहून एका वर्षाने लहान. झ्यूरिकजवळच्या त्सोलिकोन ह्या खेड्यातील शेतकरी घराण्यातला. झ्यूरिकच्या बुर्गह्योल्त्सली रुग्णालयाच्या आरंभीच्या वर्षांत तेथे जर्मनीतून आलेले प्रमुख नेमलेले होते. ते ग्रांथिक जर्मन बोलत आणि रुग्ण स्विस बोली बोलत. आमच्या माणसाचे बोलणे डॉक्टरला कळत नाही ही गावकऱ्यांची जुनी तक्रार होती. ब्लॉयलरच्या घरात ही तक्रार केवळ ऐकीव नव्हती, कारण त्याची सख्खी बहीणच मनोरुग्ण होती. १८८६ मध्ये, म्हणजे क्रेपेलिन डोर्पाटला गेला त्याच वर्षी, ब्लॉयलर राइनाऊ येथील रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि बारा वर्षे रुग्णांच्याच आवारात राहिला. त्यांच्याबरोबर कामाला जाई, त्यांच्याच बोलीत त्यांच्याशी बोले. १८९८ मध्ये बुर्गह्योल्त्सलीची सूत्रे त्याच्याकडे आली. तेथे त्याच्या हाताखाली युंग होता. युंगने १९०७ च्या ग्रंथात एका शिवणकाम करणाऱ्या वृद्ध रुग्णेची निरर्थक वाटणारी वाक्ये धीराने उलगडून दाखविली. स्वतःला सॉक्रेटिस म्हणविण्यात आपणही त्याच्याप्रमाणे निष्कारण डांबले गेलो आहोत, असा तिचा आशय होता. दुभाष्याने हे वाक्य बहुधा गाळलेच असते.

२४ एप्रिल १९०८ रोजी बर्लिनमध्ये दिलेल्या व्याख्यानात ब्लॉयलरने ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द प्रथम मांडला, आणि १९११ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ निघाला. अकाली येणारा बुद्धिभ्रंश हे जुने नाव त्याला दोन्ही अंगांनी चुकीचे वाटत होते. रोग नेहमीच अकाली येत नाही आणि नेहमीच भ्रंशात संपत नाही. रोगाचे सार त्याने परिणतीत न शोधता वर्तमान मनःस्थितीत शोधले. विचारांचे परस्परसंबंध सैल होणे, भावनेचा विसंवाद, मनाचे द्वैध आणि स्वतःत कोंडून घेणे ही त्याच्या मते मूळ लक्षणे. भास आणि भ्रम ही नंतरची, आनुषंगिक. ग्रंथाच्या शीर्षकात ‘स्किझोफ्रेनियांचा गट’ असे अनेकवचन आहे, ह्याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. मराठीत छिन्नमनस्कता म्हणा की छिन्नमानस म्हणा, हे अनेकवचन हरवते. आणि ‘छिन्न’ ह्या शब्दामुळे एका देहात दोन व्यक्ती नांदतात असा जो लौकिक गैरसमज होतो, त्याचा ब्लॉयलरच्या कल्पनेशी काही संबंध नाही. जपानमध्ये मनाचे दुभंगणे सुचविणारे असेच जुने भाषांतरित नाव होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या मागणीवरून ते २००२ मध्ये बदलून, एकसंधतेचा मेळ बिघडणे अशा अर्थाचे नाव योजण्यात आले.

ज्याला रुग्णाचे शब्द कळतात त्याला अधिक दिसते. परंतु अधिक दिसण्यातही धोका असतो. विचारांची सैलता किंवा द्वैध ह्या गोष्टी रोगक्रमासारख्या तारखेने ठरत नाहीत. पाहणाऱ्याची दृष्टी जेवढी तीक्ष्ण, तेवढी त्या अधिक ठिकाणी दिसू लागतात. ब्लॉयलरची कल्पना मनोविश्लेषणाच्या सोबतीने अमेरिकेत पोहोचली आणि तेथे ती इतकी पसरली की उन्मादाचा जोरदार झटका आलेला तरुण रुग्णही बहुधा छिन्नमनस्कच ठरू लागला. ब्रिटनमध्ये क्रेपेलिनची संकुचित व्याख्या टिकून राहिली. १९३३ मध्ये अमेरिकेतच कासानिनने नऊ तरुण रुग्णांचे वर्णन करून दोन्ही रोगांची लक्षणे एकत्र असलेला, अकस्मात येणारा आणि बरा होणारा एक मिश्र प्रकार सुचविला. परंतु मिश्रासाठी तिसरी पेटी ठेवल्याने पहिल्या दोन पेट्यांच्या भिंती भक्कम होत नाहीत.

निदानाच्या नावावर काय अवलंबून असते, ह्याचे भयंकर उदाहरण जर्मनीत घडले. १४ जुलै १९३३ रोजी मंजूर झालेल्या सक्तीच्या वंध्यीकरणाच्या कायद्यात ‘स्किझोफ्रेनिया’ आणि ‘उन्माद-अवसाद विकृती’ ही दोन्ही नावे स्वतंत्र कलमे म्हणून आली. कायद्यावरील अधिकृत भाष्याच्या लेखकांपैकी एर्न्स्ट र्‍यूडिन हा क्रेपेलिनच्या हाताखाली तयार झालेला. १९४५ पर्यंत त्या कायद्याखाली सुमारे चार लक्ष माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. दोन रोगांतील भेदाने येथे कोणी वाचला नाही. वाचला तो, ज्याचा विकार प्रसंगजन्य आहे, आनुवंशिक नाही, असे म्हणणारा वैद्य ज्याला लाभला तो.

सौम्य अर्थाने, परंतु व्यापक प्रमाणावर, हा प्रश्न औषधांनी पुढे आणला. १९५२ पासून वापरात आलेले क्लोरप्रोमाझिन दोन्ही प्रकारच्या प्रक्षुब्ध रुग्णांना शांत करी. त्यामुळे भेद करण्याची निकड त्याने निर्माण केली नाही. लिथियमची गोष्ट निराळी. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील जॉन केड ह्याने उन्मादाच्या दहा रुग्णांना ते देऊन लक्षणीय सुधारणा झाल्याचे कळविले. छिन्नमनस्कतेच्या रुग्णांत मात्र प्रक्षोभ कमी होण्यापलीकडे काही साधले नाही. अमेरिकेत लिथियमला शासकीय मान्यता १९७० मध्ये मिळाली. तेव्हापासून चुकीच्या नावाखाली नोंदलेला उन्मादाचा रुग्ण म्हणजे झटके थोपविणाऱ्या औषधाला मुकलेला आणि कदाचित् जन्मभर चेहऱ्याच्या व जिभेच्या अनैच्छिक हालचाली मागे ठेवणारे दुसरे औषध घेत राहिलेला रुग्ण, असा अर्थ झाला.

म्हणूनच न्यूयॉर्क आणि लंडन ह्यांची तुलना करण्याचा जो प्रकल्प १९६५ मध्ये सुरू झाला त्याचे महत्त्व केवळ शास्त्रीय नव्हते. दोन्ही देशांच्या आकडेवारीत ह्या दोन रोगांच्या प्रमाणात प्रचंड तफावत दिसत होती. ती रुग्णांत आहे की वैद्यांत, हा प्रश्न होता. ब्रुकलिन आणि लंडनजवळील नेदर्न येथील रुग्णालयांत क्रमाने दाखल झालेल्या प्रत्येकी २५० रुग्णांची एकाच ठराविक प्रश्नावलीने, प्रकल्पाच्या वैद्यांनी मुलाखत घेतली. रुग्णालयांनी केलेल्या निदानांतील तफावत त्यामुळे बव्हंशी विरघळली. त्याच वेळी आठ रुग्णांच्या चित्रमुद्रित मुलाखती दोन्ही देशांतील वैद्यांना दाखविण्यात आल्या. त्यांपैकी एका रुग्णाला अमेरिकन वैद्यांपैकी ६९ टक्क्यांनी छिन्नमनस्क ठरविले. ब्रिटिश वैद्यांपैकी २ टक्क्यांनी. रुग्ण एक, मुलाखत एक, आणि ह्या खेपेस भाषाही एकच. इंग्रजी ही दोघांचीही मातृभाषा असता जर असे होते, तर भाषांतर करावे लागते तेथे काय होत असेल?

ह्याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत शोधता येते. तिच्या नऊ केंद्रांत भारतातील आग्रा हे एक होते. १,२०२ रुग्ण तपासले गेले, आणि पहिला अहवाल १९७३ मध्ये निघाला. जॉन विंगने तयार केलेली प्रश्नावली हिंदी, योरुबा, चिनी इत्यादि सात भाषांत उतरविण्यात आली आणि उलट इंग्रजीत भाषांतर करून ताडून पाहण्यात आली. ह्या पाहणीतही वॉशिंग्टन आणि मॉस्को ही दोन केंद्रे छिन्नमनस्कतेची अधिक सैल कल्पना बाळगतात असे आढळले. आग्र्याचे वैद्य इतर केंद्रांशी मिळतेजुळते होते. ज्यूलियन लेफने ह्याच सामग्रीवरून विकसनशील देशांतील लोक भावनांमध्ये कमी भेद करतात असा तर्क लढविला. शब्द नाही म्हणून भेद नाही, हा त्यामागचा विचार भाषेच्या अभ्यासकाला पटण्याजोगा नाही. मराठीत ‘करमत नाही’ ह्या दोन शब्दांत कंटाळा, एकटेपणा आणि उदासी तिन्ही येतात. म्हणून मराठी माणूस त्या तिहींत भेद करीत नाही असे कोण म्हणेल? तो भेद पुढच्या वाक्यात करतो.

उलट तपासण्याने शब्द जुळतात, रचना जुळते असे नाही. ‘भास होतात का?’ असे विचारले तर प्रश्नातच ते खरे नाही हे गृहीत धरलेले असते, आणि ज्याला आवाज खरोखर ऐकू येतात तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. आपल्या मनात परके विचार घातले जातात असा अनुभव हे कुर्ट श्नायडरने १९३९ मध्ये छिन्नमनस्कतेच्या प्रथम श्रेणीच्या लक्षणांत गणले. परंतु मराठीत धडधाकट मनुष्यालाही विचार ‘येतात’, राग ‘येतो’, वाईट ‘वाटते’, वेड ‘लागते’. अनुभवणारा चतुर्थीत असतो आणि भावना कर्ता होऊन त्याच्याकडे येते. व्याकरणाने दिलेला हा पाहुणेपणा आणि रोगाने आलेला परकेपणा ह्यांतील अंतर ओळखण्यास मुलाखत घेणाऱ्याला ती भाषा लहानपणापासून यावी लागते. ह्या प्रथम श्रेणीच्या लक्षणांचेही पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे : वॉशिंग्टन केंद्राच्या सामग्रीवरून कारपेंटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्येच दाखविले की उन्माद-अवसादाच्या सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांत ती आढळतात.

पाहणीचा दुसरा निष्कर्ष क्रेपेलिनच्या मर्मावर बसणारा होता. दोन वर्षांनी त्याच रुग्णांचा माग काढला असता आग्रा, इबादान आणि काली ह्या केंद्रांतील छिन्नमनस्कांची स्थिती युरोप-अमेरिकेतील रुग्णांपेक्षा चांगली आढळली. तपशिलावर नंतर पुष्कळ वाद झाला आणि तो संपलेला नाही. परंतु परिणती जर प्रदेशाप्रमाणे बदलत असेल, तर परिणतीवरून रोगाची जात ठरविणे म्हणजे पिकावरून बियाण्याची जात ठरविताना पाऊस विसरणे होय. क्रेपेलिनची प्रामाणिकता अशी की १९२० सालच्या निबंधात त्याने स्वतःच कबूल केले होते की दोन्ही रोग समाधानकारक रीतीने वेगळे करता येत नाहीत. ऑर्गन ह्या वाद्याच्या निरनिराळ्या स्वरपट्ट्यांप्रमाणे एकाच मनाच्या निरनिराळ्या पट्ट्या वेगवेगळे रोग छेडीत असावेत, अशी उपमा त्याने दिली. त्याच्या अनुयायांनी हा निबंध फारसा वाचलेला दिसत नाही.

वर लाइप्त्सिकच्या श्रद्धेचा उल्लेख केला तो आता पुरा करू. १८७६ मध्ये वेंकरने ऱ्हाइनप्रांतातील शाळामास्तरांना ठराविक वाक्ये बोलीत उतरवून पाठविण्यास सांगितले. बोलींची सीमा स्वच्छ दिसेल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात प्रत्येक शब्दाची रेषा निराळ्या गावावरून गेली आणि नकाशावर पंख्यासारखा विस्कळित आकार उमटला. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाच्या १९०५ च्या मराठीविषयक सातव्या खंडात बस्तरच्या हलबीला जागा द्यावी लागली, परंतु मराठी, ओडिया आणि छत्तीसगढी ह्यांचे मिश्रण म्हणूनच. ती हलबी म्हणजे कासानिनचा मिश्र प्रकारच. मनोविकारांच्या बाबतीत वेंकरचे काम केंडेल आणि गोर्ले ह्यांनी १९७० मध्ये केले : रुग्णांच्या लक्षणांचे गुणांकन करून दोन रोगांच्या मध्ये विरळ वस्तीचा पट्टा सापडतो का ते पाहिले. तो त्यांना सापडला नाही. मध्यभागी गर्दीच होती. आनुवंशिकतेच्या अलीकडील संशोधनानेही हेच चित्र पुष्ट केले आहे. २००९ मध्ये स्वीडनमधील वीस लाखांहून अधिक कुटुंबांच्या नोंदींवरून एका रोगाच्या रुग्णाच्या नातलगांना दुसऱ्याचाही धोका वाढतो असे दिसले, आणि २०१३ मध्ये दोहोंतील आनुवंशिक सहसंबंध ०.६८ इतका मोजला गेला. तथापि ०.६८ म्हणजे १ नव्हे. रत्नागिरीहून वऱ्हाडापर्यंत बोलीची सीमा कोठेच न सापडली तरी दोन टोकांची बोली एक होत नाही. आणि लिथियम अजूनही एका टोकाला जितके लागू पडते तितके दुसऱ्याला नाही.

आज दोन नियमपुस्तके प्रचारात आहेत. २०१३ च्या अमेरिकन पुस्तिकेत आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात छिन्नमनस्कतेचे हेबेफ्रेनिया, कॅटाटोनिया इत्यादि जुने उपप्रकार काढून टाकण्यात आले आहेत. मिश्र प्रकार मात्र दोन्हींत शिल्लक आहे, आणि त्याची व्याख्या दोन्हींत निराळी आहे. अमेरिकन पुस्तिका विचारते की आजाराच्या संपूर्ण कालावधीत भावविकार किती काळ होता. जागतिक वर्गीकरण विचारते की ह्या एकाच झटक्यात दोन्ही रोगांची लक्षणे बरोबरीने आहेत काय. पहिल्या प्रश्नामागे डोर्पाटची सावली आहे, दुसऱ्यामागे झ्यूरिकची. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमान्वये मनोविकार ठरविताना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यतेची वैद्यकीय मानके पाळावयाची असून त्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या अद्ययावत वर्गीकरणाचा नावानिशी निर्देश आहे; त्यामुळे एकाच रुग्णाला कायद्याच्या कागदावर एक नाव आणि शोधनिबंधात दुसरे नाव मिळणे पूर्णपणे शक्य आहे.